मानेत दिसलं ते आणि पत्रात दडलं ते

वाचकाचं पत्र:

"नमस्कार डॉक्टर बाई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सात एकर कोरडवाहू वावर आहे. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, ६७ वर्षांचे, अजून स्वतः डवरणी करतात, दवाखान्याची पायरी कधी चढले नाहीत. दिवाळीनंतर शेजारचे काका, मामाजींच्याच वयाचे, कापूस वेचता वेचता धुऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. एक दिवस आजारी नव्हते. तेव्हापासून घरात धास्ती आहे. मागच्या महिन्यात तालुक्याला मंगल कार्यालयात शिबिर होतं, मानेची सोनोग्राफी करून हृदयातलं लपलेलं ब्लॉकेज सांगतो म्हणत होते. मी मामाजींना बळजबरी नेलं. ९०० रुपये घेतले. रिपोर्टात लिहिलंय: आयएमटी उजवीकडे ०.९ मिमी, डावीकडे १.० मिमी, डाव्या बल्बमध्ये २.१ मिमी प्लाक, अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी. तिथला माणूस म्हणाला, हार्टमध्येही असणारच, २० सलाईनचा कोर्स करा, नळ्या साफ होतात. पुण्याचे दीर म्हणतात, सरळ नागपूरला नेऊन अँजिओग्राफी करा, वाटल्यास बैलजोडी विकू. मामाजी म्हणतात, 'माहं हृदय छातीत हाय, मानेत नाई. मले काई झालं नाई.' चाळीस वर्षांपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा खातात, दिवसाला चार-पाच पुड्या. बीपी कधी मोजला नाही. सासूबाई ६३ च्या आहेत, त्यांना शुगर आहे, गोळी चालू आहे. वावरात जाताना आताशा त्यांना दम लागतो, छाती भरून येते, थोडं बसलं की बरं वाटतं. गॅसेस असावेत. त्यांचीही मानेची सोनोग्राफी करून घ्यावी का? पुन्हा ९०० रुपये जातील म्हणून विचारते."

ताई,

बैलजोडी विकू नका. सलाईन लावू नका. आणि मामाजींचं "मले काई झालं नाई" हेही धरून बसू नका. घाईत असाल तर आधी शेवटी सासूबाईंबद्दल लिहिलंय ते वाचा. ते याच आठवड्यात करायचं आहे. मामाजींचं काम दोन-तीन आठवडे थांबू शकतं.

पण तुम्ही विचारलंय मामाजींबद्दल, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. हृदय छातीत असताना मान कशाला तपासायची, हा त्यांचा प्रश्न मला फार आवडला. शिकलेली माणसं हा प्रश्न विचारत नाहीत, रिपोर्ट घेतात आणि घाबरतात.

हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या. त्या बरगड्यांच्या आणि फुफ्फुसांच्या आड असतात, शिवाय हृदयाबरोबर सारख्या हलत असतात. सोनोग्राफीचा आवाज हाडातून आणि हवेतून नीट जात नाही. त्यामुळे बाहेरून यंत्र लावून त्या धमन्यांच्या आतलं दिसणं अवघड. मानेतली धमनी, जिला डॉक्टर कॅरोटिड म्हणतात, ती त्यांच्यापेक्षा जाड आणि कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवरच असते. जबड्याखाली बोटं ठेवली की तिचे ठोके लागतात. रक्त तेच, दाब तोच, चाळीस वर्षांचा खर्राही दोघींनी सारखाच सोसलेला. म्हणून एकीची भिंत पाहून दुसरीचा अंदाज बांधतात.

मामाजींना असं सांगून पाहा. गुलाबी बोंडअळी आली का हे बघायला ते सगळं वावर उपटतात का? इथली चार, तिथली चार हिरवी बोंडं तोडून फोडून पाहतात. बोंड बाहेरून छान टवटवीत असतं, अळी आत असते. मानेची सोनोग्राफी म्हणजे तशी फोडून पाहिलेली चार बोंडं. त्यांत अळी दिसली तर वावरात आणखी कुठे असण्याचा संभव बराच वाढतो. नाही दिसली तर वावर साफच आहे, अशी हमी कुणी शेतकरी देणार नाही. डॉक्टरनेही देऊ नये.

आता रिपोर्ट. आयएमटी म्हणजे धमनीच्या भिंतीच्या आतल्या दोन थरांची मिळून जाडी. सोनोग्राफीत ती मोजता येते हे इटलीतल्या पिग्नोली आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवलं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं डॉक्टर मंडळी या आकड्याच्या मागे लागली होती. आता ती हौस उतरली आहे. वय वाढलं की ही भिंत आपोआप जाड होते, वर्षाला सुमारे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मोजणाऱ्याचा हात थोडा हलला तरी त्याहून जास्त फरक पडतो. तेव्हा ०.९ आणि १.० हे आकडे सदुसष्टाव्या वर्षी पाहून घाबरायचं कारण नाही. "सहा महिन्यांनी परत या, जाडी कमी झाली का पाहू" असं कुणी म्हटलं तर मुळीच जाऊ नका. सहा महिन्यांत यंत्राला ओळखू येईल असा बदल त्यात होत नाही.

प्लाकचं मात्र वेगळं आहे. भिंतीचा एखादा भाग दीड मिलिमीटरहून जाड होऊन आत आलेला दिसला की त्याला प्लाक म्हणतात. मामाजींचा २.१ आहे. म्हणजे तो खरा आहे. बल्ब म्हणजे जबड्याच्या कोनाखाली धमनीला जिथे फाटा फुटतो ती फुगीर जागा. नाल्याला फाटा फुटतो तिथे पाणी गरगरतं आणि गाळ धरतो, तसं रक्त तिथे सरळ वाहत नाही, आणि प्लाक बहुतेकदा आधी तिथेच धरतो. अरुंदपणा ५० टक्क्यांहून कमी, हे रक्ताच्या वेगावरून ठरवतात. रिपोर्टात कुठेतरी सेंटिमीटर प्रति सेकंद असा आकडा असेल. तो १२५ च्या खाली असला तर वाट निम्म्याहून जास्त मोकळी आहे असं साधारण धरतात. (फोटोत लाल आणि निळा रंग असेल. निळं म्हणजे खराब रक्त नव्हे. रक्त कोणत्या दिशेने चाललंय एवढंच तो रंग सांगतो. या निळ्या रंगाने घाबरलेली किमान वीस माणसं माझ्यासमोर बसून गेली आहेत.)

इथे मला पाइपाच्या दृष्टान्ताशी भांडायचं आहे. ठिबकची नळी क्षाराने चोकअप होते तशी धमनी बुजते, असं आम्ही डॉक्टरच सांगत आलो, आणि त्याच दृष्टान्तावर सलाईनवाल्यांचा धंदा चालतो. नळीत क्षार आतून बसतो, म्हणून ॲसिड सोडलं की निघतो. प्लाक नळीच्या पोकळीत बसत नाही, भिंतीच्या पोटात वाढतो. मातीच्या भिंतीत ओल शिरली की लिंपण आतून फुगतं, तसा. गंमत अशी की सुरुवातीला धमनी बाहेरच्या बाजूने पसरून त्याला जागा करून देते. शिकागोच्या ग्लॅगॉव यांनी १९८७ साली दाखवलं की प्लाकने साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंदच होत नाही. माणूस डवरणी करतो, पोती उचलतो, त्याला काही होत नाही. मग एखाद्या दिवशी फुगलेल्या लिंपणाचा पोपडा फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट काही मिनिटांत बंद होते. तुमच्या शेजारच्या काकांचं नेमकं काय झालं हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. पण "एक दिवस आजारी नव्हते" या वाक्यामागे बरेचदा हेच असतं.

मग मामाजींच्या हृदयात "असणारच" का? बहुधा असेल. किती, ते मानेवरून कळत नाही. अमेरिकेत बायोइमेज नावाच्या अभ्यासात काहीही त्रास नसलेल्या ५,८०८ माणसांच्या माना पाहिल्या, सरासरी वय ६९. चारांतल्या तिघांहून जास्त जणांना प्लाक होता. म्हणजे या वयात तो सापडणं हे नवल नाही. ज्यांच्या मानेत प्लाक जास्त, त्यांना पुढच्या काळात हृदयाचा त्रासही जास्त झाला, हे खरं. पण नुसता एक प्लाक दिसला म्हणून आभाळ कोसळलं, असंही नाही. स्पेनमध्ये बँकेतल्या ४० ते ५४ वयाच्या नोकरदारांना तपासलं तेव्हा तर प्लाक मानेपेक्षा मांड्या-जांघांच्या धमन्यांत जास्त सापडला: पायांत ४४ टक्के, मानेत ३१. म्हणून एक काम सांगते. मामाजी वावरात चालत जाताना पोटऱ्या गच्च होऊन मध्येच थांबतात का, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की पुन्हा चालू शकतात का, हे विचारा. विचारण्यापेक्षा पाहा. म्हातारी माणसं थांबतात तेव्हा दुखतं असं सांगत नाहीत, पीक पाहायला थांबलो म्हणतात. तसं असेल तर पायाचा बीपी आणि हाताचा बीपी यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्या आजारी. त्याला मोठं यंत्र लागत नाही, बीपीचा पट्टा आणि पेनाएवढा डॉप्लर पुरतो.

दिरांना माझा निरोप द्या. त्यांचं प्रेम कळतं. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी मोठं करावंसं वाटतं, आणि अँजिओग्राफी मोठी वाटते. पण ज्याला चालताना छातीत दुखत नाही, दम लागत नाही, त्याच्या धमनीत नळी घालून काय हाती लागणार? २०२० साली इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भारतातले रुग्णही होते. ५,१७९ माणसं. त्यांना नुसता मानेत प्लाक नव्हता, तपासणीत हृदयाला रक्त कमी पडतंय असं स्पष्ट दिसलं होतं. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले वगळले होते. निम्म्यांना आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी औषधं. तीन-सव्वातीन वर्षांनी मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत दोन्हीकडे म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं स्टेंटने कमी झालं, हे खरं. मामाजींना दुखतच नाही. मग कमी काय करणार?

आणि मानेची तपासणी तरी सगळ्यांनी करावी का? अमेरिकेच्या आजार-प्रतिबंधक तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं की त्रास नसलेल्या सर्वसाधारण लोकांत मानेची धमनी अरुंद झाली का हे शोधत फिरू नका. कारण अरुंदपणा नसताना आहे असं वाटतं, त्यातून पुढच्या तपासण्या आणि ऑपरेशनं होतात, आणि त्या ऑपरेशनांतच काहींना लकवा मारतो. हे मला पटतं. पण तुमच्याकडे रिपोर्ट आलेला आहे आणि त्यात खरं काहीतरी दिसलंय, तेव्हा तो फेकून द्या असंही मी म्हणणार नाही. ९०० रुपये गेलेच आहेत, तर त्यांचा उपयोग करून घेऊ.

त्याआधी शिबिराबद्दल दोन शब्द. आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंग निदान विरोधी कायदा आहे. सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र त्याखाली नोंदवलेलं लागतं, आणि नोंदणीच्या जागेबाहेर ते नेण्यावर बंधनं आहेत, मग तपासणी पोटाची असो की मानेची. मंगल कार्यालयात टेबलावर यंत्र मांडलेलं दिसलं तर परवानगी कुणाची, हे विचारायला लाजू नका. रिपोर्टावर डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का पाहा. नसेल तर सरकारी दवाखान्यात रिपोर्ट दाखवताना ते आवर्जून सांगा. तपासणारा आणि सलाईन विकणारा एकच असेल, तर त्या तपासणीत काही ना काही सापडणारच. नळ्या साफ करणारं सलाईन नसतं. लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा जो काढा व्हॉट्सॲपवर फिरतो, त्यानेही प्लाक विरघळत नाही.

आता मामाजींचं काय करायचं ते.

आधी बीपी. चाळीस वर्षं खर्रा आणि एकदाही बीपी मोजलेला नाही, हे मला त्या २.१ मिलिमीटरपेक्षा जास्त बोचतं. गावच्या उपकेंद्रात, ज्यावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी असते, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तिशीपुढच्या सगळ्यांचा बीपी आणि शुगर मोजणं हे त्यांचं कामच आहे. दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा, पाच मिनिटं टेकून बसल्यावर, आणि आधी अर्धा तास खर्रा तोंडात नको. एकदा उभं करूनही मोजा. वयस्कर माणसाचा बीपी उभं राहिल्यावर पडत असेल तर गोळी जपून द्यावी लागते. १४०/९० च्या वर येत राहिला तर औषध लागेल. त्याच फेरीत शुगर, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि एक ईसीजी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत, तेव्हा यासाठी कुठलं पॅकेज घेऊ नका.

मग स्टॅटिन गटातली गोळी, बहुधा अॅटोरव्हास्टॅटिन मिळेल. मानेत प्लाक दिसला याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, की ही गोळी द्यावी की नको या विचारात असलेल्या डॉक्टरचा निर्णय सोपा होतो. ती प्लाक घालवत नाही. आतली चरबी कमी करते आणि वरचं कवच घट्ट करते, म्हणजे पोपडा धरून ठेवते. लिव्हर खराब होतं, ही भीती आहे त्यापेक्षा फार मोठी करून सांगितली जाते. सुरुवातीला एक रक्ततपासणी होते, आणि अंग फार दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगायचं. गोळी स्वस्त आहे, जनऔषधीत आणखी स्वस्त. पण रोज घ्यायची, बरं वाटलं म्हणून थांबवायची नाही. थांबवण्यासारखं बरं वाटणं त्यात नसतंच, कारण आधीही वाईट वाटत नव्हतं. रुग्णाला पटायला हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते.

ॲस्पिरिन मात्र स्वतःहून सुरू करू नका. "रक्त पातळ करायची गोळी" गावोगाव लोक शेजाऱ्याचं पाहून खातात. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांवर धडधाकट म्हाताऱ्या माणसांवर, बहुतेक सत्तरीपुढच्या, अभ्यास झाला. त्याचे निकाल २०१८ मध्ये आले: हृदयाला फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढला. ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसवलाय त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी ती बंद करू नये.

आणि खर्रा. विदर्भात हे लिहिताना हात जड होतो. पाहुण्याला चहाआधी खर्रा विचारतात आपल्याकडे, पन्नीवर घोटलेला. तोंडाच्या कॅन्सरचं आता लोकांना माहीत झालंय, हृदयाचं नाही. ५२ देशांत मिळून झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू नुसती चघळणाऱ्यांतही हार्ट अटॅकचं प्रमाण न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. विडी ओढत नाही म्हणून हृदय सुटतं, असं नाही. एका दमात सुटणार नाही हे मलाही माहीत आहे. १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. पण मामाजी फोनवर अनोळखी माणसाशी बोलतील असं मला त्यांच्या त्या एका वाक्यावरून वाटत नाही.

त्यांच्यासाठी तुमच्या हातात दुसरंच साधन आहे: तो फोटो. स्वीडनमधल्या वेस्टरबोटन भागात साडेतीन हजार माणसांच्या माना तपासल्या. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना धमनीचं चित्र पाठवलं, सिग्नलसारख्या लाल-हिरव्या रंगांत समजावून. उरलेल्यांना चित्र दाखवलं नाही. वर्षभराने चित्र पाहिलेल्यांचा हृदयाचा धोका मोजणीत कमी भरला. त्यांनी गोळ्या जास्त नीट घेतल्या. हा अभ्यास २०१९ मध्ये आला तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं, कारण सल्ला तर आम्ही जन्मभर दिला, दाखवलं मात्र कधी नाही. तेव्हा रिपोर्ट कपाटात ठेवू नका. संध्याकाळी ओसरीवर मामाजींच्या हातात द्या, डाव्या बल्बचा तो पांढरट उंचवटा बोटाने दाखवा आणि बोंडाची गोष्ट सांगा. "खर्रा सोडा" म्हणू नका. अळी दिसल्यावर फवारणी कधी करायची, एवढंच विचारा. शेतकरी माणूस आहे, उत्तर त्याला माहीत असतं.

लकव्याची खूण घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण मानेतल्या प्लाकचा तुकडा वर गेला तर मेंदूत जातो. तोंड वाकडं होणं, एका हाताची शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यासमोर पडदा येणं. दहा मिनिटांत बरं झालं तरी त्याच दिवशी दवाखाना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या खेड्यांतून त्यातला निम्मा वेळ रस्त्यातच जातो. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतले मृत्यू तपासले तेव्हा लकवा हे मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं, साधारण सातातला एक मृत्यू. खेड्यात हा शहरी आजार नसतो, असं आता कुणी म्हणू नये.

आता सासूबाई.

तुम्ही पत्रभर लपलेला आजार शोधताय. मामाजींचा आजार खरंच लपलेला आहे, त्याला यंत्र लागलं. सासूबाईंचा लपलेला नाही. तो तुमच्या पत्राच्या शेवटी तीन ओळींत लिहिलेला आहे, आणि त्यापुढे तुम्हीच "गॅसेस असावेत" असं लिहून टाकलंय. चालल्यावर दम लागतो. छाती भरून येते. बसलं की बरं वाटतं. वय ६३, शुगर आहे. आणि "आताशा", म्हणजे हे पूर्वी नव्हतं. ताई, गॅस चालण्याने येत नाही आणि बसल्याने जात नाही. श्रमाने यावं आणि विसाव्याने जावं, ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची जुनी, पुस्तकी खूण आहे. शुगर असलेल्या माणसात आणि बाईमाणसात छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दम, थकवा, जबड्यात किंवा पाठीत ओढ, मळमळ, एवढ्यावरच भागतं. म्हणून ते गॅसच्या गोळीखाली दडपलं जातं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. नव्वदच्या दशकात, नवी नवी डॉक्टर असताना, साठीच्या आतबाहेरची एक बाई माझ्याकडे तीनदा आली होती. "बाई, जेवण झाल्यावर विहिरीवर गेली का इथं भरते." मी तिन्ही वेळा गॅसवरचं पांढरं औषध दिलं. ईसीजीचं यंत्र शेजारच्या खोलीत होतं. चौथ्यांदा तिचा मुलगा आला, ती आली नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सासूबाईंची मानेची सोनोग्राफी करू नका. ज्याला त्रास आहे त्याची मान साफ निघाली तरी हृदय साफ आहे असं म्हणता येत नाही, आणि त्या साफ रिपोर्टाने तुम्ही सगळे निश्चिंत व्हाल, तेच धोक्याचं. त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी न्यायचं आहे: ईसीजी, इको, आणि डॉक्टरांना वाटलं तर ट्रेडमिल किंवा पुढची तपासणी. हिमोग्लोबिनही करा. रक्त कमी असलं तरी असाच दम लागतो, आणि असलेला हृदयाचा त्रास त्याने वाढतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका. त्रास होत नसताना तो कितीतरी जणांचा नॉर्मलच असतो. डॉक्टरांना "गॅस होतो" म्हणू नका, मला लिहिलं तसंच सांगा: वावराच्या वाटेवर कुठपर्यंत गेल्यावर दम लागतो, किती वेळ बसावं लागतं, महिन्यापूर्वी कुठपर्यंत जाता यायचं. अँजिओग्राफी या घरात कुणाला लागलीच तर ती त्यांना लागण्याची शक्यता जास्त आहे. दिरांना हेही कळवा.

तोवर त्यांनी डोक्यावर ओझं घेऊन चालायचं नाही, वावरात जायचं नाही. वेचणी थांबली तरी चालेल. बसल्या जागी छाती भरून आली, घाम सुटला, किंवा पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर आठवडा वगैरे विसरा, १०८ ला फोन करा. वाट पाहताना ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यायला हरकत नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटात व्रण असेल किंवा कुठून रक्त जात असेल तर देऊ नका. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर शेजाऱ्याची आणून देऊ नका.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा. आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड असेल तर तेही पिशवीत टाका. भरती व्हायची वेळ आली तर जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र तिथेच भेटतो. नुसत्या बाहेरच्या तपासण्यांचे पैसे ही योजना सहसा देत नाही, हे आधीच माहीत असू द्या. एसटीत तिघांचंही अर्धं तिकीट आहे, तुम्हा दोघींचं बाई म्हणून, मामाजींचं वयामुळे. सकाळची पहिली गाडी धरा, ओपीडीची रांग लवकर लागते. मामाजींना सोबत न्याच. बायकोसाठी चाललोय म्हटलं की येतील, आणि तिथे गेल्यावर त्यांचाही बीपी होऊन जाईल. त्यांचा रिपोर्ट पिशवीत राहू द्या. खिडकीवर चिठ्ठी काढताना मात्र आधी सासूबाईंचं नाव सांगा.